गल्ल्यावरचा बोलका स्पीकर: दोन वर्षं वापरल्यानंतर

माझ्या वहिनीचं लालबागला पोळीभाजी केंद्र आहे. चिवडा गल्लीपासून चालत चार मिनिटांवर, चाळीच्या तळमजल्यावरची एक खोली. रस्त्याकडे उघडणारी खिडकी हाच काउंटर आणि खिडकीतच गल्ला. २०२३ च्या अधिक श्रावणात आम्ही या गल्ल्यावर तो छोटा स्पीकर बसवला, यूपीआयने पैसे आले की मोठ्याने आकडा सांगणारा. त्याला आता दोन वर्षं उलटून गेली, तीन गणपती झाले. घ्यावा का, कामाचा आहे का, असं मला बरेच जण विचारतात, विशेषतः घरून पदार्थ करून विकणाऱ्या बायका. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. वीस वर्षं मी औषधांच्या वितरणात काढली. गेली बारा वर्षं अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्टार्टअपमध्ये स्वतःचे पैसे घालतो, एकेका कंपनीत दहा ते पंचवीस लाख. आजवर एकतीस कंपन्या झाल्या. सतरा बंद पडल्या, नऊ कशाबशा तग धरून आहेत, पाच चांगल्या चालल्यात. स्पीकरच्या धंद्यातल्या कुठल्याही कंपनीत माझा एक रुपयाही नाही. पुढे एका मुलीच्या कंपनीचा उल्लेख येईल, तिच्यात मात्र आहे, आणि ते मी तिथे पुन्हा सांगेन. आमच्याकडच्या स्पीकरच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. बाजारात अशा चार-पाच कंपन्या आहेत, आसपासच्या दुकानांत सगळ्यांचे स्पीकर मी पाहिलेत, आणि पुढचं बरंचसं त्या सगळ्यांना लागू पडतं.

वहिनीकडे क्यूआर कोड २०२० पासून होता. लॉकडाउनमध्ये सगळ्यांनीच लावला, तसा तिनेही. संध्याकाळी साडेसात ते नऊ खिडकीपाशी रांग असते. आत मावशी पोळ्या लाटतात, वहिनी भाजते, मोजते, कागदात बांधून देते. हात पिठाचे, तव्याची वाफ, चष्मा धुरकट. गिऱ्हाईक फोन पुढे धरून म्हणतं, "झालं हं ताई," आणि वहिनी त्या हिरव्या खुणेकडे नजर टाकून मान हलवते. बँकेचा मेसेज येतो, पण फोन फळीवर, आणि पिठाच्या हाताने तो उचलायचा कधी? रात्री हिशेबाला बसली की कधी पन्नास कमी, कधी शंभर. मे महिन्यात माझ्या पुतणीने बँकेचं स्टेटमेंट काढून उधारीच्या वहीशी ओळीओळीने ताडून पाहिलं. नेहमीचं एक गिऱ्हाईक अकरा दिवस एकच जुना स्क्रीनशॉट दाखवून डबा नेत होतं. रोजचे एकशे छप्पन्न, म्हणजे सतराशे सोळा रुपये. वहिनीला पैसे गेल्याचं वाटलंच, पण जास्त लागलं ते हे, की तो माणूस रोज "आज भाजी झकास होती" असं सांगून जायचा.

त्यानंतर स्पीकर आला. अधिक महिना म्हणजे जावयाला तेहतीस अनारसे, त्यामुळे ऑर्डरींची रीघ लागलेली. कंपनीचा मुलगा बाइकवरून आला, स्टिकर चिकटवलं, बटण दाबलं, दहा मिनिटांत गेला. पहिली ऑर्डर तेहतीस अनारशांची, पंचवीसला एक. स्पीकर म्हणाला, "आठ सौ पच्चीस रुपये प्राप्त हुए." रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीने मात्र लगेच फोन उचलून खात्री करून घेतली.

तीन आठवडे ती तशीच खात्री करून घेत राहिली. मला कारण कळेना. शनिवारी संध्याकाळी मी गल्ल्यावर बसतो, तेव्हा विचारलं. म्हणाली, "भाऊजी, हा उनासी म्हणाला की नवासी? एकोणऐंशी का एकोणनव्वद? मला शंभराच्या आतले हिंदी आकडे पटकन लागत नाहीत." लालबागमध्ये जन्म गेला, हिंदी सिनेमे पाठ आहेत, पण पन्नासच्या पुढचे हिंदी आकडे कानावर पडले की मनात मराठीत उलटवावे लागतात. आणि तव्यावर पोळी फुगलेली असताना उलटवायला वेळ नसतो. कंपनीच्या मुलाला फोन करून भाषा मराठी करून घेतली. त्या दिवसापासून वहिनीने फोनकडे बघणं सोडलं. वस्तू तीच, किंमत तीच, फक्त भाषा बदलली आणि ती वस्तू खऱ्या अर्थाने वापरात आली. हे स्पीकर विकणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारायला हवं. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

यात एक मौजेची तांत्रिक बाब आहे. हे स्पीकर साधारणपणे आधीच रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे जोडून बोलतात. नीट कान दिला तर "सातशे" आणि "पस्तीस" यांच्यामधला सांधा ऐकू येतो. इंग्रजीत एक ते एकोणीस आणि पुढच्या दहांचे आठ शब्द, एवढ्या सत्तावीस तुकड्यांत नव्याण्णवपर्यंतचे सगळे आकडे होतात. मराठीत नव्याण्णवच्या नव्याण्णव वेगळे. एकोणसाठ, त्रेसष्ट, अडुसष्ट, चौऱ्याऐंशी, प्रत्येकाचं रूप निराळं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस दोन", "सत्तर पाच" अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रात केवढा वाद झाला, ते अनेकांना आठवत असेल. आमचा स्पीकर जुन्याच वळणाने बोलतो. पुतणी इंग्रजी माध्यमातली, एकोणीस वर्षांची. सुरुवातीला दर दोन मिनिटांनी विचारायची, "काका, अडुसष्ट म्हणजे सिक्स्टी एट ना?" आता विचारत नाही. सात पोळ्यांचे बारा रुपयांप्रमाणे चौऱ्याऐंशी, हे ती स्पीकरच्या आधी म्हणते.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे त्याकडे येतो.

२०१८ मध्ये दोन मुलं मला विलेपार्ल्याला भेटली होती. दोघंही इंजिनिअर, एकाच्या वडिलांचं डोंबिवलीला किराणा दुकान. कल्पना साधी होती: दुकानदाराच्या फोनवर बँकेचा मेसेज आला की जोडलेल्या एका स्पीकरने तो वाचून दाखवायचा, आणि त्याचं महिन्याला भाडं घ्यायचं. मी वीस मिनिटांत नाही म्हटलं. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद अजून आहे: "फोन वाजतोच. स्पीकरला भाडं कोण देईल? पेमेंटमध्ये पैसा नाही." दहा-अकरा महिन्यांनी त्यांनी काम थांबवलं.

त्यांची ती वस्तू होती तशी चालली नसती, असं मला आजही वाटतं. मेसेज उशिरा यायचे, फोन बंद पडला की स्पीकर मुका व्हायचा. आजच्या स्पीकरमध्ये स्वतःचं सिमकार्ड आहे, तो दुकानदाराच्या फोनवर अवलंबून नाही, आणि सगळा फरक तिथे पडला. पण माझी चूक तांत्रिक नव्हती. मी त्या वस्तूकडे माझे हात मोकळे असताना बघितलं. मला फोन बघायला काहीच अडचण नव्हती, म्हणून कोणालाच नसेल असं गृहीत धरलं. मुलाच्या वडिलांच्या दुकानात एक संध्याकाळ उभा राहिलो असतो तर निदान प्रश्न तरी बरोबर विचारले असते. डोंबिवली फास्ट लोकलने तासाभरावर. मी गेलो नाही.

"पेमेंटमध्ये पैसा नाही" हे माझं वाक्य अर्धं खरं निघालं, आणि ते कसं हे नव्या फाउंडरांनी समजून घेण्यासारखं आहे. यूपीआयची सुरुवात ११ एप्रिल २०१६ ला इथे मुंबईतच झाली, तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते. चालवणारी संस्था एनपीसीआय, वांद्रे-कुर्ला संकुलात. नोटबंदीनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये महिन्याला वीस लाखांच्या आसपास व्यवहार होत होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये शंभर कोटींचा टप्पा ओलांडला, ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार कोटींचा. आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क, म्हणजे एमडीआर, शून्य केलं. म्हणजे व्यवहार अफाट वाढले, पण व्यवहारामागे दुकानदाराकडून एक पैसा मिळत नाही. छोट्या दुकानांच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारांसाठी सरकार प्रोत्साहनाची रक्कम देतं, २०२४-२५ साठी पंधराशे कोटी रुपये मंजूर झाले होते, पण दरवर्षी मंजुरीची वाट बघणाऱ्या उत्पन्नावर कंपनी उभी राहत नाही.

मग दुकानदार पैसे कशाचे देतो? खात्रीचे. पैसे आले, आत्ता आले, एवढेच आले, आणि हे मला हातातलं काम न सोडता कळलं, याचे. आमच्या स्पीकरचं भाडं महिन्याला एकशे पंचवीस रुपये आहे. वहिनीने तिच्या पद्धतीने हिशेब केला: "तीन दिवसांना एक पोळी." अकरा दिवसांत सतराशे सोळा गेलेल्या बाईला तो सौदा पटायला एक मिनिटही लागलं नाही. नोट हातात येत होती तेव्हा ही खात्री फुकट मिळायची. बोटांना कागद कळायचा, गल्ल्यात नाणं वाजायचं. क्यूआर कोडने ती काढून घेतली, आणि ज्यांनी गल्ल्यापाशी उभं राहून हे पाहिलं त्यांनी ती भाड्याने परत दिली. २०१८ ला माझ्यासमोर बसलेल्या त्या मुलाला हे त्याच्या वडिलांमुळे ठाऊक होतं. त्याला ते शब्दांत मांडता आलं नाही आणि मला विचारता आलं नाही.

त्यानंतर माझ्या कामाची पद्धत बदलली. कोणी दुकानदारांसाठी काही बनवतोय असं म्हणालं की मी डेक, म्हणजे पैसे मागायला आणलेलं सादरीकरण, नंतर बघतो. "कोट्यवधी छोटे दुकानदार" हा आकडा पहिल्या पानावर असतोच. मी विचारतो, त्यातल्या किती जणांची नावं ठाऊक आहेत, आणि त्यांच्या गल्ल्यावर किती तास बसलात. गेल्या वर्षी एक अतिशय हुशार मुलगा आला होता, बोलणं स्वच्छ, हिशेब चोख. त्याला वहिनीच्या दुकानातली मोदकांची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि म्हणाला, असं वर्षातून एकदा होतं, ते सोडून द्यायचं. मी पैसे घातले नाहीत.

ती मोदकांची गोष्ट स्पीकरच्या दोषांतही मोडते, म्हणून नीट सांगतो. ७ सप्टेंबर २०२४, शनिवार, गणेश चतुर्थी. लालबागमध्ये त्या दिवशी काय गर्दी असते ते मुंबईकराला सांगायला नको. वहिनीकडे उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी, बहुतेक एकवीस-एकवीसच्या, पस्तीसला एक, म्हणजे सातशे पस्तीस. सकाळी साडेदहाच्या सुमारास मोबाइलचं नेटवर्क कोलमडलं. खिडकीपाशी पंधरा-सोळा माणसं, पूजेची वेळ टळत चाललेली. लोक फोन पुढे धरतायत, "गेले हो पैसे," आणि स्पीकर गप्प. वीस मिनिटं गप्प. वहिनीच्या हातात केळीच्या पानावरचा गरम मोदक, डोळे स्पीकरकडे. कोणाला नाही म्हणणार? सगळे ओळखीचे, सगळ्यांच्या घरी गणपती बसायचा. तिने मोदक देऊन टाकले आणि वहीत नावं लिहीत गेली. अकराच्या पुढे नेटवर्क आलं आणि स्पीकर एका दमात बोलत सुटला. सातशे पस्तीस रुपये प्राप्त झाले. सातशे पस्तीस रुपये प्राप्त झाले. असं सहा वेळा, मध्ये एक तीनशे पंच्याऐंशी, मग पुन्हा सातशे पस्तीस दोनदा. वहीत सातशे पस्तीसची नावं अकरा. आठ आले. तीन कोणाचे राहिले?

ते तीन शोधायला पुतणीला दोन दिवस लागले. दोघांचे बँकेत अडकून परत गेले होते आणि त्यांनी स्वतःहून आणून दिले. एकाचे मिळालेच नाहीत.

पुढच्या वर्षी, २०२५ च्या गणपतीत, ऑर्डर घेतानाच वहिनी एकेकाला सांगायला लागली: "तुम्ही सातशे छत्तीस पाठवा." "तुम्ही सदतीस." "तुम्ही अडतीस." वरचे रुपये मोदक देताना हातात परत. स्पीकर बोलला की आकड्यावरून माणूस ओळखू येतो. शाळा दहावीपर्यंतची, आणि अख्ख्या पेमेंटच्या धंद्याला जे गल्ल्यावर सोडवायचंय ते तिने एका रुपयात सोडवलं. मला अतिशय अभिमान वाटला, आणि तो मी तिला सांगितलाही.

याच सुमाराला ठाण्याची एक मुलगी माझ्याकडे आली होती. वय सत्तावीस, पोळीभाजी केंद्रं आणि डबे देणाऱ्या बायकांसाठी ऑर्डरींचं सॉफ्टवेअर करायचं तिच्या मनात होतं. तिला मी चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात वहिनीकडे पाठवलं. तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून तिने चार संध्याकाळ काढल्या. पहिल्या दिवशी ती बोलत होती, ॲप दाखवत होती, वहिनीला बटणं दाबायला सांगत होती. दुसऱ्या दिवशी निम्म्यावर आली. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप आणलाच नाही, पोळ्या मोजून कागदात बांधायला लागली. चौथ्या दिवशी निघताना तिने विचारलं, "काकू, तुम्ही प्रत्येकाला वेगळा आकडा का सांगता?" मावशी लाटता लाटता म्हणाल्या, "आता कळलं हिला." दिवाळीनंतर मी तिला पैसे दिले. हा माझा हितसंबंध. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये आता प्रत्येक ऑर्डरला रुपयाच्या फरकाची रक्कम आपोआप पडते. नऊ दुकानं वापरतायत. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. माझ्या सतरा बंद पडलेल्या कंपन्यांतही असे कष्ट घेणारी माणसं होती. डब्यावर बसल्याने कंपनी चालतेच असं नाही. पण जी माणसं कधीच बसली नाहीत, त्यांतल्या कुणाचीही कंपनी चाललेली मी पाहिली नाही.

स्पीकरकडे परत येतो. एका गोष्टीवर मला खरोखर आक्षेप आहे: कर्ज. भाड्यावर या कंपन्यांचं भागत नाही, म्हणून त्या स्पीकरच्या नोंदींवरून दुकानदाराला वित्तसंस्थांचं कर्ज मिळवून देतात. कल्पना वाईट नाही. वह्या-पावत्या नसलेल्या बाईची रोजची विक्री आता कुणालाही दाखवता येते, आणि त्यावर कर्ज मिळतं, हे मोठं काम आहे. आमच्याच खोलीत आई सत्तरच्या दशकात गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचे गट केले, एकमेकींच्या हमीवर त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. आईला पहिलं कर्ज तसंच मिळालं. तारण काहीच नव्हतं. शेजारणीला ठाऊक होतं की ही बाई पहाटे चारला उठते. मी अगदी नव्या कंपनीत पैसे घालताना आजही तेच शोधत असतो.

पण ॲपवर येणारं कर्ज तसं वाटत नाही. स्पीकरसाठी येणारा दुसरा मुलगा दर भेटीत त्याचाच विषय काढायचा. वहिनीला साठ हजार "मंजूर" झाले होते, रोज तीनशे तीस कापले जाणार, दोनशे दिवस. ती घ्यायच्या बेतात होती, मोठा फ्रीज हवा होता. आम्ही कागद घेऊन बसलो. तीनशे तीस गुणिले दोनशे, सहासष्ट हजार. सहा हजार जास्त, म्हणजे दहा टक्के वाटतात. पण मुद्दल रोज फिटत जातं, सरासरी हातात राहतात तीसच हजार, आणि तेही साडेसहा महिने. वर्षाचा दर काढला तर पस्तीस टक्क्यांच्या पुढे जातो. हा आकडा त्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत कुठेच नव्हता. शिवाय पावसात धंदा निम्म्यावर येतो तेव्हाही तीनशे तीस कापले जाणारच. वहिनीने भिशी उचलली आणि फ्रीज घेतला. स्पीकर घेणाऱ्या प्रत्येक बाईला माझं कळकळीचं सांगणं आहे, कर्जाच्या पडद्यावर हो म्हणण्याआधी घरातल्या कुणाला तरी हा गुणाकार करायला लावा.

बाकी लहानसहान. आवाज भरपूर मोठा, बाहेर बस गेली तरी ऐकू येतो. बॅटरी आमच्या वापराला तीन-चार दिवस जाते. शेवटचा व्यवहार पुन्हा ऐकवणारं बटण सगळ्यात उपयोगी, पण वर काही लिहिलेलं नाही, आम्हाला ते सहा महिन्यांनी सापडलं. जाळीत पीठ जाऊन आवाज घोगरा होतो. प्लास्टिकची पिशवी घातली तर दबतो. वहिनी मलमलचं एकपदरी फडकं बांधते, आठवड्याला धुते, ते उत्तम चालतं. भाडं खात्यातून न सांगता कापलं जातं, एकदा एकाच महिन्यात दोनदा कापलं गेलं आणि परत मिळवायला चार फोन करावे लागले. फोनवर मराठीत बोलणारं कुणी भेटलं नाही.

आणखी एक, जे बनवणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. स्पीकर सगळ्यांना सगळं सांगतो. मुंजीच्या जेवणाची आगाऊ रक्कम आली, पंधरा हजार, भर रांगेत. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीतली एक बाई उसने मागायला दारात. तेव्हापासून मोठी रक्कम यायची असली की वहिनी अंगठ्याने आवाज बंद करते. एका ठरावीक रकमेच्या वर फक्त "पैसे आले" एवढंच म्हणायची सोय द्यायला हवी.

घ्यावा का? दिवसाला यूपीआयचे पंधरा-वीस व्यवहार होत असतील आणि कामात हात गुंतलेले असतील तर जरूर घ्या. घरून आठवड्याला चार केक विकणाऱ्यांना गरज नाही, फोन पुरतो. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पुरणपोळ्यांसाठी मागची खिडकीही उघडतोय, तिथे दुसरा स्पीकर मागवलाय. या वेळी कंपनीचा मुलगा आला की वहिनी आधी भाषा मराठी करून घेणार आहे, शेवटचा व्यवहार ऐकवणारं बटण दाखवायला लावणार आहे, भाडं महिन्याच्या कुठल्या तारखेला कापणार ते कागदावर लिहून घेणार आहे, आणि मगच स्टिकर चिकटवू देणार आहे.